पणजोबा रोज संध्याकाळी पाय का चोळायचे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तराचा धागा लागेल. तुमचे पणजोबा सातारा जिल्ह्यातले. पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, ते खडकीच्या सफरमैना पलटणीतून, म्हणजे फौजेच्या खणण्या-बांधण्याच्या पलटणीतून, फ्रान्सला गेले, तिथून आजच्या इराकमधल्या बसऱ्याला गेले आणि लढाई संपल्यावर घरी आले. घरी आल्यावर ते कधी खोलीत झोपले नाहीत, बारा महिने ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसत. दिवाळीत फटाके वाजू लागले की मळ्यात निघून जात. रोज संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायचे आणि तेल घेऊन अर्धा-अर्धा तास चोळत बसायचे. भावकीत कोणी म्हणे बसऱ्याचं लागीर झालंय, कोणी म्हणे लढाईत घाबरला. तुम्ही विचारलंय की खंदकात नेमकं काय होत होतं, त्याचा माणसावर असा परिणाम का होतो, आणि ते भित्रे होते का.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. काही वर्षं सैन्यदलाच्या वैद्यकीय विभागात काढली, पुढे तीस वर्षं याच भागात दवाखाना चालवला. माझ्याकडे येणाऱ्या दर दहा घरांत एखादं तरी फौजीचं घर असतं. त्यामुळे तुमचं पत्र मला परकं वाटलं नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: नाही, भित्रे नव्हते. असं मी का म्हणतो ते सांगायला मात्र वेळ लागेल, आणि सुरुवात पायांपासूनच करावी लागेल.

ज्या भागात हिंदी फौज, म्हणजे इंग्रजांच्या हाताखालची हिंदुस्थानी फौज, उतरवली तो फ्रान्सचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेला बेल्जियम. जमीन सपाट, चिकणमातीची, पाणी अगदी वर. दोन-तीन फूट खणलं की खालून पाणी लागायचं. ऑक्टोबरपासून पाऊस, नंतर थंडी. या खंदकात माणूस गुडघाभर गाळात दिवसरात्र उभा. पायात कातडी बूट, त्यावर पोटरीपर्यंत घट्ट गुंडाळलेल्या पट्ट्या. पट्टी भिजली की आवळते. बूट तर काढायचेच नाहीत, कारण हल्ला कधी होईल याचा नेम नाही.

अशा पायाचं काय होतं? बर्फ पडायलाच हवा असं नाही. शून्याच्या बऱ्याच वर, दहा-बारा अंशांतसुद्धा पाय सतत ओला आणि थंड राहिला, वर आवळलेला असला आणि हालचाल नसली, की रक्तवाहिन्या आकसतात. पावलाला रक्त पोचेनासं होतं. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. सैनिक सांगत की आपण लाकडाच्या ओंडक्यावर चालतोय असं वाटतं. खरा त्रास पाय गरम झाल्यावर सुरू होतो. पाऊल लाल होऊन सुजतं आणि आग अशी होते की अंगावरची चादर त्याला लागलेली सोसत नाही. वेळेत आवरलं नाही तर फोड येतात, कातडी काळी पडते, बोटं सडतात, कापावी लागतात. याला इंग्रजीत ट्रेंच फूट म्हणतात, आपण खंदकपाय म्हणू. पहिल्याच हिवाळ्यात, १९१४-१५ मध्ये, ब्रिटिश फौजेत याचे वीस हजारांच्या आसपास रोगी झाले. हिंदी पलटणी तर उन्हाळी सुती खाकीवर तिथे पोचल्या होत्या. गरम कपडे मागून आले.

औषध नव्हतं, म्हणून शिस्त लावली. रोज बूट-मोजे काढायचे, पाय पुसायचे, तेल किंवा चरबी चोळायची, कोरडे मोजे घालायचे, पट्टी सैल बांधायची. अधिकाऱ्याने रोज पावलं तपासायची. पलटणीत पाय बिघडलेले रोगी वाढले तर जाब अधिकाऱ्यालाच. यातली एक गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. आकसलेली बोटं आणि वाकू न देणारा खंदक, यामुळे स्वतःचे पाय स्वतः नीट चोळता येत नसत. म्हणून दोघादोघांची जोडी लावून देत. मी तुझे पाय चोळायचे, तू माझे. हे नेमाने सुरू झालं तेव्हा रोग्यांचा आकडा झपाट्याने उतरला.

तेव्हा पणजोबांचं ते संध्याकाळचं चोळणं वेड नव्हे. ती त्यांना मिळालेली ऑर्डर होती आणि त्या ऑर्डरीने त्यांचे पाय शाबूत राहिले होते. शिवाय अशा इजेत नसाही दुखावतात. पाऊल वरून बरं दिसलं तरी पुढे पंचवीस-तीस वर्षंसुद्धा गारव्यात ठणकतं, घामेजतं, मुंग्या येतात. त्यांचे पाय खरोखर दुखत असणार. आपल्याकडे उंचावरच्या ठाण्यांवरून परतलेल्या जवानांत मी हे पाहिलं आहे. पाय दिसायला धडधाकट, आणि पावसाळा सुरू झाला की माणूस रात्रभर जागा.

आता खंदकाविषयी. चित्रपटांमुळे आपला समज असा होतो की तिथे रोज लढाई चाले. तसं नव्हतं. बहुतेक दिवस बसून राहण्यात, खणण्यात, ओझी वाहण्यात आणि वाट पाहण्यात जात. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून समुद्रापर्यंत साधारण सातशे किलोमीटर लांबीची ही खोदलेली रेघ होती. खंदक सरळ नसे. नागमोडी खणत, म्हणजे एका वळणात गोळा पडला तर त्याचे तुकडे पुढच्या वळणातल्या माणसांना लागू नयेत, आणि शत्रू आत उतरला तर त्याला सरळ रेषेत गोळ्या झाडता येऊ नयेत. समोर मातीच्या पोत्यांचा बांध, त्यापुढे काटेरी तार, त्यापुढे दोन्ही फौजांच्या मधली ओसाड पट्टी. काही ठिकाणी ही पट्टी इतकी अरुंद की पलीकडच्याचं खोकणं ऐकू यायचं. पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यांनी बंदुका घेऊन सज्ज राहायचं, त्याला आजही आपले जवान स्टँड-टू म्हणतात. दिवसा डोकं वर काढायचं नाही. सगळं काम रात्री.

आणि रात्रीचं काम म्हणजे मुख्यतः तुमच्या पणजोबांचं काम. सफरमैना म्हणजे फौजेचे गवंडी, सुतार आणि खाणकामगार. अंधारात पुढे सरकून तार ठोकायची, पुढचा चर खणायचा, ढासळलेला बांध उभा करायचा. खिळा ठोकल्याचा आवाज झाला तर गोळी. आकाशात उजेडाचा गोळा सोडला गेला की आहात तिथे, आहात तसे थिजायचं. त्या पहिल्या हिवाळ्यात हातबाँबही पुरेसे नव्हते, म्हणून सफरमैनांनी जॅमच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे भरून बाँब बनवले.

या पलटणीची एक तारीख तुमच्या घराला माहीत असायला हवी. २८ ऑक्टोबर १९१४. न्यूव्ह शापेल हे फ्रान्समधलं छोटं गाव जर्मनांच्या हाती गेलं होतं. ते परत घ्यायला ४७वी शीख पलटण आणि खडकीच्या सफरमैनांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या पुढे पाठवल्या. खणणाऱ्या-बांधणाऱ्या माणसांना संगिनी लावून धाडलं. ते गावात शिरले, घराघरातून झुंजले. पण मदत पोचली नाही, आणि त्यांना मागे यावं लागलं. त्या एका दिवसात दोन्ही कंपन्यांचे इंग्रज अधिकारी जवळजवळ सगळे मेले किंवा जखमी झाले, आणि जवानांतले कितीतरी. तुमचे पणजोबा यांपैकी एखाद्या कंपनीत होते का, हे त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर कळेल. त्या गावाजवळ १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचं स्मारक उभारलं. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं तिथे दगडात कोरली आहेत. त्यांत खडकीच्या सफरमैनांचीही आहेत.

ही घटना मी डॉक्टर म्हणूनही सांगतोय. माणूस लढाईत टिकतो तो देशाच्या किंवा बादशहाच्या नावावर नव्हे. तो आपल्या तुकडीतल्या आठ-दहा माणसांच्या जिवावर टिकतो, आणि आपली भाषा कळणाऱ्या, नावाने हाक मारणाऱ्या साहेबाच्या जिवावर. हिंदी पलटणीत असे अधिकारी आणि गावकीचे साथी गेले की त्यांची जागा भरून निघत नसे. नवा साहेब येई, त्याला भाषा येत नसे. दुसऱ्या पलटणीतले अनोळखी जवान येत. ज्या दोरीला माणूस धरून होता ती तुटत जाई. आजही रुग्णाला मी आधी ‘तुम्ही काय पाहिलंत’ असं विचारत नाही. मी विचारतो, ‘तुमच्या सेक्शनमधलं कोण गेलं?’

आता तोफांविषयी, कारण मनावरच्या परिणामाचं मूळ तिथे आहे. धोका दिसला की शरीर दोनच गोष्टींसाठी तयार होतं: झुंजायला किंवा पळायला. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठतात, रक्त हातापायांकडे धावतं. ही तयारी वापरली गेली की ओसरते. खंदकात तोफखान्याचा मारा सुरू झाला की यातलं काहीच करता येत नाही. मारणारा दिसत नाही, तो पाच-सात किलोमीटरवर. उलट मारता येत नाही. पळालात तर कोर्ट मार्शल, आणि पळालात तर वाचाल असंही नाही. तयार झालेलं शरीर घेऊन चिखलात बसून राहायचं, तासन् तास, कधी दिवसचे दिवस.

सीमेवर महिनोन् महिने गोळामारा सोसलेल्या एका निवृत्त हवालदारांनी मला हे माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा नीट सांगितलं. ते म्हणाले, ‘डॉक्टर, गोळीची एवढी भीती नाही वाटत. गोळी मारणारा कुठंतरी असतो, आपण पण मारू शकतो. गोळा येतो तेव्हा आपण नुसतं मोजायचं. शिट्टी ऐकायची आणि मोजायचं.’ हे सांगताना त्यांचा उजवा अंगठा चारही बोटांच्या पेरांवरून फिरत होता. पंधरा वर्षांनंतरही तो मोजत होता, आणि त्यांच्या ते लक्षातही नव्हतं.

पहिल्या महायुद्धातच एका डॉक्टरने ही असहायता ओळखली होती. एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात काम केलेले डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. त्यांना दिसलं की विमान चालवणाऱ्यांपेक्षा दोरखंडाने बांधलेल्या बलूनमध्ये बसून टेहळणी करणारे जास्त प्रमाणात मनाने मोडतात. वैमानिकाला धोका काही कमी नव्हता, पण त्याच्या हातात काहीतरी होतं. बलूनमधला नुसता टांगलेला. खंदकातला सैनिक त्याच जातीचा, फक्त तो जमिनीत टांगलेला.

आणि खालची जमीनही भरवशाची नव्हती. २० डिसेंबर १९१४ ला गिव्हन्शीजवळ जर्मनांनी हिंदी फौजेच्या खंदकांखाली भुयारं नेऊन सुरुंग उडवले. माणसं उभ्या जागी मातीत गाडली गेली. सफरमैनांना तर अशा भुयारांचं काम माहीत. जमिनीला कान लावून खालची कुदळ ऐकायची. कुदळीचा आवाज येतोय तोवर ठीक. आवाज थांबला म्हणजे खणून झालं, आता दारू भरतायत. छपराखाली, बंद खोलीत झोप न लागणं हे या अनुभवाशेजारी ठेवून पाहा. मातीच्या घरात, चारी बाजूंनी भिंती आणि वर माळवद, अशा जागी त्यांनी अंग टाकलं नाही यात मला काही नवल वाटत नाही. ओसरीवर पाठीशी भिंत, समोर मोकळं अंगण, आणि पळायला वाट. पहारेकऱ्याला हवी तशी ती जागा आहे.

झोपेचा मुद्दा लोक हलक्यात घेतात. रात्री काम, पहाटे स्टँड-टू, दिवसा मातीच्या कोनाड्यात तुकड्या-तुकड्यांनी डुलकी. अंगावरच्या कपड्यांत उवा. त्या उवांमधून एक ताप पसरे, पाच-पाच दिवसांनी उलटणारा, नडगीची हाडं फोडून काढणारा. मेलेल्यांवर पोसलेले उंदीर माणसांच्या अंगावरून धावत. अशा हालात आठ-दहा दिवस नीट झोप न मिळालेला कोणताही धडधाकट माणूस दचकणारा, चिडका, विसरभोळा होतो. त्याला धैर्य कमी पडतं असं नाही, मेंदू थकतो.

तोफगोळ्यांच्या माऱ्याने मोडलेल्या सैनिकांसाठी शेल शॉक हा शब्द छापील स्वरूपात आणला तो चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी, फेब्रुवारी १९१५ च्या ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात. त्यांनी तीन सैनिकांचं वर्णन केलं: गोळे जवळ फुटल्यावर दृष्टी, वास, चव आणि स्मरणशक्ती यांवर परिणाम झालेले. आधी समजूत अशी की स्फोटाच्या धक्क्याने मेंदूला सूक्ष्म इजा होते. मग लक्षात आलं की गोळा जवळपास न फुटलेल्यांनाही तसंच होतंय: हात थरथरतात, वाचा जाते, पाय लुळे पडतात, तपासणीत काही सापडत नाही. तेव्हा गाडी दुसऱ्या टोकाला गेली, हे सगळं मनाचं आणि म्हणून कच्च्या मनाचं. आज आपल्याला दोन्ही खरं दिसतं. स्फोटाची दाबलहर मेंदूला इजा करू शकते, यावर पुन्हा नव्याने अभ्यास चालू आहे. आणि इजा नसतानाही भीती शरीराला लुळं करू शकते.

त्या काळच्या सैन्याला मात्र हिशेबाची काळजी होती. स्फोटाने झालं असेल तर जखम धरायची, म्हणजे बिल्ला आणि पेन्शन. तसं नसेल तर नुसतं आजारपण. एका माणसाचा मान आणि पोटपाणी कागदावरच्या एका अक्षरावर ठरे. १९१६ मध्ये फ्रान्समध्ये सोम नदीकाठची लढाई झाली आणि असे रोगी पुराच्या पाण्यासारखे येऊ लागले. त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला, ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. पुढच्या वर्षी हुकूम निघाला की आघाडीवर शेल शॉक हा शब्दच लिहायचा नाही, ‘अजून निदान न झालेला, मज्जासंस्थेचा’ एवढंच लिहा. शब्द काढला म्हणून रोग जात नाही. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश फौजेत असे सुमारे ऐंशी हजार रोगी नोंदले गेले.

उपचारांतही वरचा-खालचा भेद होता. अधिकाऱ्याला डोंगराच्या पायथ्याशी रुग्णालय, बोलायला रिव्हर्ससारखा डॉक्टर. साध्या शिपायाची वाचा गेली तर काही ठिकाणी घशाला विजेचे झटके. आणि ज्यांना रोगी म्हणून कोणी पाहिलंच नाही, त्यांतले काही पहाटे खांबाला बांधून गोळ्या घातले गेले. पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांवरून मृत्युदंड दिलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये कायद्याने माफी दिली. नव्वद वर्षं त्यांच्या घरांनी तो डाग वागवला. तुमच्या भावकीतल्या बोलण्याचं म्हणूनच मला वाईट वाटतं. तोच शब्द, तीच शिक्षा, फक्त गोळीशिवाय.

चांगलंही काही घडलं, तेही सांगायला हवं. फ्रेंच आणि ब्रिटिश डॉक्टरांना अनुभवाने कळलं की मोडलेल्या सैनिकाला लांब घरी धाडण्यापेक्षा आघाडीच्या मागे जवळच ठेवलं, लगेच झोप, गरम जेवण आणि आंघोळ दिली, आणि तू रोगी नाहीस, थकला आहेस, बरा होशील असं सांगितलं, तर पुष्कळ जण सावरतात. आजही सैन्यात हेच करतात. पण मन लावून केलं तर. नाहीतर तीच पद्धत माणसाला पुन्हा खंदकात ढकलायचं यंत्र होते, आणि तेव्हा बरेचदा तेच झालं.

हिंदी सैनिकांच्या वाट्याला तर शेल शॉक हे निदानही फार क्वचित आलं. मनाचं निदान बोलण्यातून होतं, आणि इथे डॉक्टर इंग्रज, रोगी गढवाली किंवा मराठा, मधे दुभाषा. त्यांच्यावर उलट संशय घेतला गेला. १९१४ च्या शरदात हाताला गोळी लागलेले हिंदी जवान बरेच आले, तेव्हा यांनी स्वतःच गोळ्या मारून घेतल्या असं बोललं जाऊ लागलं. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी एक हजार जखमा एकेक करून तपासल्या आणि सरसकट आरोपाला आधार नाही असा निष्कर्ष काढला. बांधाच्या वर सगळ्यात आधी दिसतो तो बंदूक धरलेला हात, हे खंदकात उभं राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

मग त्यांचं दुःख कुठे दिसतं? पत्रांत. सेन्सॉर हिंदी सैनिकांची पत्रं वाचून त्यांचे उतारे इंग्रजीत करून ठेवत, म्हणून ते आज शिल्लक आहेत. एक जखमी राजपूत घरी कळवतो की हे युद्ध नव्हे, जगाचा अंत आहे, महाभारतात ऐकलं तसं. सर्वांत कडू तक्रार एकच: जखमी झालो, बरे झालो, की परत तिथेच पाठवतात. मेल्याशिवाय सुटका नाही असं ज्याला वाटू लागतं, त्याचं मन आधीच अर्धं मेलेलं असतं. आमच्याकडे येणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘डिप्रेशन’ नसतं. छातीत धडधडतं, डोकं जड होतं, पोटात गोळा येतो, अंगात त्राण नाही. पणजोबांनीही कधी ‘मला भीती वाटते’ म्हटलं नसेल, पाय दुखतात म्हटलं असेल. दोन्ही खरंच होतं.

फ्रान्समधून हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस हलवलं आणि लाहोर डिव्हिजनसोबत या सफरमैना कंपन्या बसऱ्याला उतरल्या. फ्रान्सच्या थंडीतून सुटलो असं वाटलं असेल तर ते फार टिकलं नाही. टायग्रिस नदीकाठी कुत या गावात ब्रिटिश जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. ती सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. आत उपासमार चाललेली. तिथलं एक निरीक्षण वैद्यकाच्या इतिहासात राहिलं आहे: पांढऱ्या मैद्यावर जगणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाला, आणि कणीक खाणाऱ्या पण घोड्याचं मांस न खाणाऱ्या हिंदी सैनिकांच्या हिरड्या स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने, सुजून रक्ताळल्या. बाहेरून वेढा फोडायला गेलेल्या फौजेचे सुमारे तेवीस हजार जण मेले वा जखमी झाले, तरी कुत वाचलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. पुराने भरलेले खंदक, मग उन्हाळा, माश्या आणि पटकी. तुमचे पणजोबा बाहेरच्या फौजेत होते. आत आपल्या मुलखातली माणसं आहेत, शेवटच्या दिवसांत तोफांचा आवाज दोन्हीकडे ऐकू जातोय, आणि आपण पोचू शकलो नाही. यातून वाचलेल्यांत जो अपराधीपणा राहतो तो भीतीपेक्षा चिवट असतो. माझ्या दवाखान्यात सर्वांत उशिरा तोंडावाटे निघतो तो हाच.

आणि परतून ते कुठे आले? १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात गावंच्या गावं ओस पाडून गेली होती, देशभर एक कोटीहून अधिक माणसं मेली, त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. घरात ज्याने-त्याने कोणीतरी पुरलेलं किंवा जाळलेलं. अशा घरात फ्रान्सच्या गोष्टी कोण ऐकणार? सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत एक छोटी दगडी पाटी आहे, या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. जे परत आले आणि परतले नाहीत, त्यांचा आकडा पाटीवर नसतो.

दचकणं, झोप उडणं, आठवणी टाळणं, सतत पहाऱ्यावर असणं, जवळच्या माणसांपासून तुटणं: या सगळ्याला १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने अधिकृत नाव दिलं, आघातोत्तर तणाव विकार, सगळे पीटीएसडी म्हणतात. पणजोबांना तो होता का, हे शंभर वर्षांनी मी सांगू नये. पण तुम्ही लिहिलेली एकेक सवय खंदकात जीव वाचवणारी होती. शरीर ती शिकलं, आणि लढाई संपली हे त्याला कोणी पटवून दिलं नाही.

तुमच्या किंवा कुणाच्या घरात आज असा माजी सैनिक असेल तर एवढं करा. त्याला झोपेतून उठवताना अंगाला हात लावू नका, लांबून नावाने हाक मारा. फटाक्यांच्या दिवसांत आधी सांगा, जबरदस्तीने अंगणात बसवू नका. रोजची दारू वाढत असेल तर तिला व्यसन म्हणून हिणवण्याआधी झोप कशी लागते ते विचारा. आघातावर केंद्रित समुपदेशनाने आणि औषधांनी, वीस वर्षं जुना त्रासही कमी होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळते. तिथे जायला लाज वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिली आहे, आणि मी ती तीनदा वाचली. आजी लहान असताना ते तिलाही समोर बसवायचे, स्वतःचे पाय झाले की तिचे पाय मांडीवर घेऊन चोळायचे. म्हातारा माणूस पोरीच्या पायाला हात लावतो म्हणून बायका हसत, आजी लाजून पाय ओढून घ्यायची. आजी आता नव्वदीत आहे आणि तिला अजून ते कोडं वाटतं, असं तुम्ही म्हणता. तिला सांगा की खंदकात पाय जोडीने चोळायचे असत. तिच्या वडिलांचा जोडीदार कोण होता ते आपल्याला कळणार नाही. पण त्यांच्यापुरतं ते काम दोघांचे पाय कोरडे झाल्याशिवाय पुरं होत नव्हतं.